चाळीस लाखांत आमदार कसे व्हावे

आमदारकी लढवायची ठरवलीत, उत्तम झाले. चौकातल्या फलकावर हात जोडलेला फोटो आणि खाली ‘भावी आमदार’ असे लिहून झाले म्हणजे अर्धे काम उरकलेच. उरलेले अर्धे कायद्यानेच सोपे करून ठेवले आहे. तरीही नवखा उमेदवार खर्चाची मर्यादा ऐकून गांगरतो, म्हणून हे चार शब्द.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाख रुपये खर्च करता येतात. जानेवारी २०२२ पर्यंतची मर्यादा याहून कमी होती. २०२४ला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ जागा होत्या. भागाकार केलात तर दर मतदारामागे बाराएक रुपये निघतात. एवढ्यात पत्रके, मांडव, गाड्या, भोंगे, कार्यकर्त्यांची जेवणे आणि दिवसभर मोबाइलवर तुमची रीळे फिरवणारी पोरे सांभाळायची. हा भागाकार मतदारापुढे मांडू नका, आपली किंमत ऐकून तो दुखावेल.

घाबरू मात्र नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमातले घड्याळ तुम्ही अर्ज भरलात की सुरू होते आणि निकालाला थांबते. त्याआधीची साडेचार वर्षे तुमचीच! अष्टविनायकाच्या बसगाड्या सोडा. हळदीकुंकवाला वाण म्हणून कुकर वाटा. दहीहंडीला लाखांचे बक्षीस लावा, चष्मे वाटा, स्वतःच्या नावाचा क्रिकेट चषक ठेवा. हा सगळा समाजकार्याचा भाग. अर्ज भरण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत समाजकार्य जोरात चालू द्या.

अर्ज भरला की मात्र शिस्त हवी. खर्चासाठी बँकेत वेगळे खाते उघडावे लागते. एका माणसाला वा दुकानाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, तेव्हा मांडववाला निवडताना त्याला भाऊ किती आहेत ते पाहा. चहा, वडापाव, खुर्ची, हार यांचे दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी काढतात. कार्यकर्त्यांच्या ताटात मटण असले तरी वहीत वडापावच शोभतो. खर्च निरीक्षक चित्रीकरण करून घेतात आणि तुमच्या नावाची स्वतंत्र नोंदवहीही ठेवतात. सभेतल्या खुर्च्या त्यांना मोजू द्या. रात्री अकरानंतर वस्तीत जे लक्ष्मीदर्शन होते त्याला खुर्च्या लागत नाहीत.

आता या शास्त्राचा गाभा. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाने तुमच्यासाठी केलेला खर्च तुमच्याच खात्यात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली एका निकालात म्हटले होते. त्याच वर्षी कायदा बदलून ती अडचण दूर केली गेली. आपली संसद एरवी इतक्या तत्परतेने हलत नाही. २००३ साली ही सवलत थोडी आवळली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आणि ४० स्टार प्रचारकांच्या प्रवासाला अजून मोकळीक आहे. म्हणून हेलिकॉप्टर पक्षाचे असू द्या. जाहिरातीत चिन्ह आणि नेते झळकू देत, तुमचे नाव नको. मोठे साहेब सभेला आले की तुम्ही नम्रपणे व्यासपीठावरून खाली उतरा, कारण शेजारी बसलात तर त्या सभेचा खर्च तुमच्या वहीत येऊ शकतो. लोकांना तुमचा विनय दिसतो. हिशेबाचे कुणाला दिसते?

खरे बोलण्याचा मोह टाळा. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात सांगून टाकले की २००९च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचे आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, अर्थात त्यांना एकट्यालाच, कारण बोलले ते एकटेच. बाकीचे गप्प राहिले आणि कायद्याने वागणारे ठरले.

याउलट संयम पाहा. २००९च्याच विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. त्याच सुमारास ‘अशोकपर्वा’चे गुणगान करणारे लेख एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखे छापून आले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब नीट न दिल्याचा ठपका ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्यायालयाने काय म्हटले ते वकील मंडळी वाचतील, तुम्ही तारखा वाचा. २००९ ते २०१४. विधानसभेची मुदतही तेवढीच असते.

पैसा आणायचा कुठून, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्याचे काम घेणारे, वाळूचा लिलाव घेणारे आणि इमारतीला वाढीव मजला हवा असलेले असे तिघे मित्र तालुक्यात असतातच. ते आवळा देऊन कोहळा काढतील आणि पहिल्या पावसात रस्ता उखडला की लोक पावसाला शिव्या देतील. पेटी-खोक्याची भाषा पोराटोरांच्या तोंडी गेली, एवढेच काय ते वाईट झाले.

अधूनमधून सुधारणावाले भेटतील. त्यांना पक्षाच्या खर्चालाही मर्यादा हवी असते, देणगीदाराचे नाव मतदानापूर्वी जाहीर व्हायला हवे असते आणि हिशेबाची तपासणी त्रयस्थाकडून हवी असते. वाद घालू नका, त्यांचे म्हणणे बरोबर असल्याने वादात हराल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना निनावी देणगी देण्याचे निवडणूक रोखे रद्द केले तेव्हा असेच काही काळ अवघड गेले, तोट्यातल्या कंपनीलाही देणगी देता येण्याची सोय गेली. पण आपली माणसे खंबीर आहेत. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा निर्णय दिला. इतर सर्व बाबतींत एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी तो एकदिलाने पाळला नाही. अळीमिळी गुपचिळी. काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही परदेशी देणगीचा कायदा मोडल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले, तर २०१८च्या वित्त विधेयकातून तो कायदाच १९७६ पासून मागे जाऊन दुरुस्त झाला, लोकसभेत चर्चेविना. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला किती हेलपाटे पडतात, हे तुमच्या मतदाराला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी त्याला एका श्वासात सांगू नका.

सुधारणेला उघड विरोध तर करूच नका. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ सालीच पक्षांना निवडणूक खर्चासाठी सरकारी मदत रोख न देता वस्तुरूपाने द्यावी असे सुचवले होते. तो अहवाल हातात धरून ‘यावर व्यापक चर्चा व्हावी’ असे म्हणा. कॉलेजातल्या परिसंवादाला बोलावले तर आनंदाने अध्यक्षस्थान स्वीकारा. मांडवाचे बिल मात्र पक्षाच्या नावावर घ्यायला सांगा.