आधी झाडाचं नाव लिहा

मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळ, यल्लम्मा देवीच्या मंदिरापाशी एक वड होता. कवठेमहांकाळहून एसटीनं मिरजेला जाताना तो दिसला की आज्जी आधी हात जोडायची आणि मग पिशव्या आवरायला घ्यायची. वय चारशे वर्षांचं सांगायचे. 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तुटणार म्हटल्यावर लोक उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींकडे शब्द टाकला आणि रस्त्यानं वडाला बगल दिली. इकडे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात बसून मी रोज त्या बातम्या शोधायचे. पुढे 2022 मध्ये तो वड उन्मळून पडला. त्या दिवशी कामावर माझं लक्ष लागलं नाही.

झाड की रस्ता हा वाद आमच्या घरातही आहे. फोनवर विषय निघाला की दादा म्हणतो, "तुला तिकडं बसून बोलाय काय जातंय? बाबांना रात्री मिरजेला कुणी नेलं?" नेलं त्यानंच, त्या जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यानं. नवा रस्ता हवाच होता, हे मी मनापासून मान्य करते. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला रस्ता आणि पाणी नको म्हणायचा मला काहीच अधिकार नाही. पण परदेशात कसं सगळं जपतात, असं जे आपल्याकडे बोललं जातं, ते मी पाहिलेल्याशी जुळत नाही. तेवढं तरी सांगायलाच हवं.

शेफील्डनं 2012 मध्ये रस्तेदुरुस्तीचा 25 वर्षांचा करार केला. रस्त्यांकडेची सुमारे 36,000 झाडं, त्यातली 17,500 पर्यंत काढून नवी लावायची अशी त्यात तरतूद होती. कारणं ओळखीचीच होती: मुळांनी फूटपाथ उचलला, व्हीलचेअर जात नाही, एक तोडू आणि एक लावू. नोव्हेंबर 2016 मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमाराला लोकांना उठवून गाड्या हलवायला लावल्या आणि करवती सुरू झाल्या. निवृत्त बायकांना अटक झाली. 2018 मध्ये तोड थांबली तोवर हजारो झाडं गेली होती. 2023 मध्ये चौकशीचा अहवाल आला, मग नगरपालिकेनं माफी मागितली. ब्रिटनमध्ये जुन्या झाडाला आपोआप कायद्याचं कवच मिळत नाही. एखाद्या झाडासाठी किंवा झाडांच्या गटासाठी नगरपालिकेला संरक्षणाचा हुकूम काढावा लागतो, आणि त्यासाठी ते झाड कुणाच्या तरी डोळ्यांत भरावं लागतं.

शेफील्डच्या तोडायच्या झाडांत चेल्सी रोडवरचा एक एल्म होता. एल्म म्हणजे इकडचं एक मोठं पानझडी झाड. वय शंभराच्या वर. एल्मच्या रोगानं या देशातले कोट्यवधी एल्म मेले, हा उरला. त्याच्या शेंड्यावर एक छोटं तपकिरी फुलपाखरू वाढतं. त्याच्या अळ्या एल्मशिवाय दुसरं काही खात नाहीत. हे ठाऊक असलेली माणसं त्याच रस्त्यावर राहत होती. त्यांनी झाडाचं नाव घेऊन, फुलपाखराचं नाव घेऊन लिहायला सुरुवात केली. 'फूटपाथवरचं एक झाड' काढणं सोपं होतं, एवढा ओळखीचा झालेला एल्म काढणं अवघड झालं. तो अजून उभा आहे.

मी पहिल्यांदा त्याच्याखाली गेले ते वसंतात. फूटपाथवर गोल, पातळ, कागदी बियांचा सडा पडला होता, मधोमध एक दाणा. मी एक उचलली आणि जागीच थबकले. ही तर आमच्या ओढ्याकाठच्या वावळाची बी! फाल्गुनात वावळ पानं झाडतो आणि हिरव्या पापड्यांनी लगडतो. त्या वाळून उडायला लागल्या की आम्ही पोरं पंख चोळून काढायचो आणि आतला दाणा खायचो. नंतर पुस्तकात बघितलं तर वावळ आणि एल्म एकाच कुळातले. पान हातात घेतलं की फरक कळतो. एल्मचं पान देठाशी तिरकं, एक बाजू खाली उतरलेली. वावळाचं पान चुरगळलं की असा वास मारतं की हात धुवावा लागतो. दहा वर्षं परक्या ठिकाणी राहून जे झालं नव्हतं ते त्या एका बीनं झालं. ही जमीन मला जरा ओळखीची वाटली.

आज्जी अशी तीसेक झाडं पानावरून, सालीवरून ओळखायची. पायरीला, म्हणजे वडाच्याच कुळातल्या त्या झाडाला, तांबूस पालवी फुटली की लांबूनच सांगायची, हा वड नव्हे. नांदरुकाचं बारकं चकचकीत पान आणि पिंपळाचं शेपटीवालं पान यांत तिची कधी गल्लत झाली नाही. हे ज्ञान कुणीच लिहून घेतलं नाही, मीही नाही. त्याची मला खंत आहे.

आपल्याकडे शहरांसाठी 1975 चा झाडांचा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा-वृक्ष मानायची दुरुस्ती झाली. असं झाड तोडावं लागलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. चांगलं आहे. पण खेड्यातल्या वडाला तो कायदा लागू नाही, आणि लागू केला तरी वय ठरवणार कसं? वडाच्या खोडात वर्षांची वलयं धड मोजता येत नाहीत. मग एक बाजू चारशे म्हणणार, दुसरी ऐंशी.

सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यात वडाचे म्हसवे आहे, गावाच्या नावातच झाड. त्या वडाच्या सगळ्या पसाऱ्याचा घेर 1882 मध्ये मोजला गेला तेव्हा 1,587 फूट भरला होता. एवढा आकडा कागदावर असल्यामुळेच आज तो किती उरला याची चर्चा तरी करता येते. भोशाच्या वडाचा असा जुना आकडा माझ्या वाचनात कुठं आला नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. आमच्या गावचीही झाली. गेल्या सुट्टीत मी ती मागून वाचली. वड, पिंपळ, चिंच, लिंब अशी नुसती नावं. कुठला वड, कुणाच्या बांधावरचा, घेर किती, काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रस्त्याची आखणी यायच्या आधी ही पानं भरा. छातीच्या उंचीला टेप धरा, खोडाचा घेर लिहा, जागा लिहा, नाव ज्याला येतं त्याला विचारून लिहा. आखणी करणाऱ्या इंजिनिअरला सुरुवातीलाच ते झाड नकाशावर दिसलं तर वळण स्वस्तात पडतं. खडी पडल्यावर महागात पडतं आणि मग मंत्र्यापर्यंत जावं लागतं.

मागच्या महिन्यात पुतणीला टेप घेऊन ओढ्याकाठच्या वावळाकडे पाठवलं. टेप पुरेना म्हणून तिनं बैलाचा कासरा गुंडाळला आणि तो मोजला: तेरा फूट दोन इंच. फोटोत कासऱ्याचं दुसरं टोक धरून दादा उभा आहे. त्याच्या खाली त्याचा मेसेज होता, "मळ्यातली चिंच पण घ्यायची का? रविवारी मोकळा आहे."