पालकांनी मदत करू नये

चौथीतल्या लेकीला ‘सारखा’ दिसलं की उपमा अलंकार, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, हे मीच घोकवलं होतं. चाचणीत वाक्य आलं, ‘बाळ सारखं रडत होतं.’ तिनं ठोकून दिलं, उपमा! बाईंनी लाल शाईत लिहिलं, ‘पालकांनी मदत करू नये.’ लक्ष द्यावे, असं लिहितात ना हो सगळीकडे?

शनिवारी दादरहून कल्याण स्लो पकडली. चुकीचं परिमार्जन म्हणून लेकीला म्हटलं, उपमेचं खरं उदाहरण दे.

“माझा बाबा रेड्यासारखा घोरतो.”

चौथ्या सीटवर अर्धे लटकलेले एक काका शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी पेन खिशाला लावलं.

“वा! बाळा, उपमेय कोण? बाबा. उपमान? रेडा. साधर्म्यवाचक शब्द, सारखा. समान धर्म?”

“घोरणं!” डब्यातून दोघे-तिघे.

“आता ‘जणू’ घालू. बाबा म्हणजे जणू रेडाच. उत्प्रेक्षा! आणि ‘जणू’ काढला की?” काकांनी माझ्याकडे अशा आशेनं पाहिलं, की उत्तर मीच द्यावं. “बाबा रेडाच आहे. रूपक! भेदच उरला नाही.”

माटुंगा ते शीव, एवढ्यात माझा भेद मिटला.

“अतिशयोक्ती राहिली,” कडीला लोंबकळणारा एक जण म्हणाला. “हे घोरले की सेंट्रलला मेगाब्लॉक लागतो!”

“छान. पण दमडीच्या तेलात उंट पोहतो, त्याची सर नाही,” काकांनी गुण कापले.

हसलो मीही. पण नऊ वर्षांची ही पोर परवापर्यंत पायाला लागलेल्या खुर्चीला ‘मुद्दाम लागतेस!’ म्हणून फटका मारायची. निर्जीवाला जिवंत मानणारी चेतनगुणोक्ती तिला आपसूक येत होती. आता ती कविता वाचत नाही, ‘परी’, ‘जणू’, ‘गमे’ हुडकते आणि खाली रेघ मारते, गव्हातले खडे वेचावेत तशी. कविता आवडली का, याला गुण नाहीत. मीही कधी विचारलं नाही म्हणा. दोन गुण जातात ना!

घाटकोपरला काका उतरले. उतरता उतरता, “येतो हं, रूपक!”

लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “बाबा, ते काका सारखे बोलत होते. ही उपमा नाही ना?”

मी गप्प बसलो. पालकांनी मदत करू नये.