प्रत्येकाचं एक तळं असतं

काल आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्पीकिंगची मॉक टेस्ट दिली आणि नवातले साडेपाच मिळाले. ही परीक्षा मी या वयात का देतोय ते लांबण आहे, सोडा, बायकोनेही विचारणं सोडलंय. आणि साडेपाचचंही एवढं काही नाही. पण रिझल्टच्या कागदावर खाली पेनाने लिहिलंय, 'नाइस – ११ वेळा'. अकरा! म्हणजे मी जीव तोडून बोलत होतो तेव्हा समोरची मुलगी माना डोलावत ऐकत नव्हती, एकेक रेघ मारत होती.

पण त्याआधी तो मुलगा.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी विशीतला एक पोरगा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसला होता. जप चाललाय म्हणून मी सरकून बसलो. त्याने एक डोळा उघडला.

"काका, तुमचं तळं कुठलं?"

"काय?"

"तळं हो. पार्ट टूसाठी. प्रत्येकाचं एक तळं असतं."

पार्ट टू म्हणजे काय, तर तुमच्या हातात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, आणि मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं. समोरचा मधे हूं की चूं करत नाही, नुसता बघतो. तर या पोराने दोन मिनिटांचं एक तळं पाठ केलेलं होतं. क्रिस्टल क्लिअर पाणी, त्यात डोंगराचं प्रतिबिंब, ब्रेथटेकिंग सूर्यास्त, पक्ष्यांचा मेलोडियस किलबिलाट. टॉपिक काहीही येवो, दोन वाक्यांत तळ्यावर पोचायचं आणि मग टेप सोडून द्यायची, हा सगळा प्लॅन.

मी म्हटलं, आणि आवडत्या शिक्षकाबद्दल विचारलं तर?

"त्यांनीच मला तळ्यावर नेलं."

"हरवलेली वस्तू?"

"तळ्यात पडली."

"आवडतं पुस्तक?"

"काठावर बसून वाचलं ना काका."

मला आता चेव आला होता. म्हटलं, गोंगाटाची जागा, नकोशी वाटणारी? तो क्षणभर थांबला. खरंच विचार केला त्याने, भुवया वगैरे आकसून. मग म्हणाला, "तेच तळं. रविवारी."

मी हरलो. शेवटचं म्हणून विचारलं, की बाबा तू कधी गेलायस का अशा एखाद्या तळ्यावर? तर म्हणे, "छे हो काका, मला गाडी लागते."

आणि गंमत म्हणजे मला कार्ड आलं ते नेमकं 'तुम्ही पाहिलेलं एक निसर्गरम्य ठिकाण'. म्हणजे तळं न पाळणाऱ्या माणसाला देवाने दिलेला फुलटॉस. दिलेल्या कागदावर मी पेन्सिलने लिहिलं : डोंगर, धुकं, बूट. आणि सुरू केलं. माय लास्ट ट्रॅव्हल वॉज टू अ माउंटन. देअर वेअर मेनी सीनरीज. सीनरीज वेअर व्हेरी नाइस. इट वॉज व्हेरी फ्रीझिंग. वी एन्जॉयड अ लॉट. झालं, संपलं. घड्याळात तोवर पस्तीस सेकंद झाली होती. उरलेला वेळ मी नाइस हा शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघितला.

नंतर त्या मुलीने, माझ्या लेकीएवढी असेल, प्रत्येक वाक्याची शांतपणे हाडं मोडली. सर, ट्रॅव्हल नाही, ट्रिप. फ्रीझिंगमधेच व्हेरी येऊन गेलं, परत नाही लावायचं. नुसतं एन्जॉयड चालत नाही, काय एन्जॉय केलं ते सांगावं लागतं. (आपल्याकडे 'मजा आली' म्हटलं की पुरतं, कसली मजा ते कोणी विचारत नाही.) आणि सर, सीनरीचं अनेकवचन होत नाही.

हे मात्र मला लागलं. मराठीत सीनऱ्या होतात! मी स्वतः लहानपणी शंभरेक काढल्या असतील. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली वाकडी नदी, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. आणि इंग्रजीत तरी हा शब्द आला कुठून, नाटकातून. सीनरी म्हणजे रंगमंचावरचे रंगवलेले पडदे, डोंगरदऱ्या नंतर आल्या. ट्रॅव्हल तर त्याहून भारी, ट्रॅव्हल आणि ट्रॅवेल, म्हणजे कष्ट, यातना, हे मुळात एकच शब्द. मग माझं ट्रॅव्हल काय चुकलं, सांगा.

खुद्द इंग्रजांना तरी सीनरी कुठे सरळ बघता येत होती? अठराव्या शतकात त्यांच्यातले हौशी प्रवासी खिशात एक छोटा काळपट फुगीर आरसा ठेवायचे, क्लॉड लोरँ या चित्रकाराच्या नावाचा. सुंदर देखावा आला की त्याच्याकडे पाठ करायची आणि आरशात बघायचं, म्हणजे तो चित्रासारखा दिसतो. थॉमस ग्रे नावाचा कवी १७६९ मधे लेक डिस्ट्रिक्टला गेला असताना हाच उघडा आरसा हातात घेऊन चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. फक्त बोटांची सालटं निघाली. लेक डिस्ट्रिक्ट, लक्षात घ्या. म्हणजे तळीच तळी.

असो. तर त्या पोराला साडेसहा मिळाले. साडेसहा! तीच मुलगी मला सांगते की पाठ केलेलं उत्तर खऱ्या परीक्षेत लगेच ओळखतात, ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार असे चार निकष आहेत, चारींना सारखं वजन आहे, ॲक्सेंट कुठलाही असू दे फक्त कळलं पाहिजे. अहो मग त्याचं तळं तुम्हाला कळलं नाही का? मी डोंगरावर खरंच गेलो होतो, पायाने, माझे पैसे घालून. खरं बोलणाऱ्याला साडेपाच आणि गाडी लागणाऱ्याला साडेसहा, हा कुठला न्याय. हे मी तिला म्हटलं नाही. थँक्यू म्हटलं. व्हेरी नाइस म्हणणार होतो, गिळलं.

निघताना तिने विचारलं, "सर, कागदावर बूट का लिहिलं होतं?"

तर त्या डोंगरावर आम्हाला काहीही दिसलं नव्हतं. चार तास चढून वर गेलो आणि धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. आणि तिथे माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला, तोंड उघडून टाळ्या वाजवायला लागला. बुटाचीच नाडी वरून खालून गुंडाळून मी उतरलो, आणि प्रत्येक पावलाला फटॅक आवाज, त्यामुळे धुक्यात मागचे सगळे माझ्या आवाजावर चालत होते. ती हसली. चक्क पेन खाली ठेवून. म्हणाली, "मग हेच सांगायचं ना सर! ब्युटिफुल सगळेच म्हणतात."

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर.

रात्री सगळे झोपल्यावर मोबाइल उशीवर ठेवून रेकॉर्डिंग केलं. धुकं, बूट, फटॅक, सगळं. 'फटॅक'ला इंग्रजी सापडेना म्हणून ते तसंच ठेवलं. एक मिनिट पन्नास सेकंद! नाइस फक्त दोनदा. खूश होऊन परत लावून ऐकलं. दीड मिनिटापर्यंत उत्तम चाललंय, आणि मग माझाच आवाज, अतिशय आत्मविश्वासाने, म्हणतो : अँड देन, फायनली, वी रीच्ड अ क्रिस्टल क्लिअर लेक.