पगार मिळतो म्हणजे वेठबिगारी नाही? असं नसतं
एक मेसेज फिरतोय, की कामगाराने स्वतः सही केली असेल आणि महिन्याला पगार मिळत असेल तर त्याला वेठबिगारी म्हणताच येत नाही. चुकीचं आहे हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या २९ नंबरच्या करारात जी व्याख्या आहे तिच्यात पगाराचा उल्लेखच नाही, बघायच्या दोनच गोष्टी, शिक्षेची धमकी आहे का आणि माणूस स्वखुशीने काम करतोय का. आणि शिक्षा म्हणजे फक्त मारहाण नाही हां, थकलेला पगार बुडवीन, पोलिसात देईन, घरच्यांना बघून घेईन, हे पण त्यातच येतं.

सहीचं म्हणाल तर सांगितलं एक आणि पोचल्यावर काम निघालं भलतंच, मग ती संमती कसली? सगळ्यात जास्त अडकवतं ते कर्ज. एजंटचं कमिशन, प्रवासखर्च, राहण्याखाण्याचे पैसे सगळं पगारातून कापायचं, हिशोब मालकाच्याच वहीत, म्हणजे महिनाभर राबून आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलाच. पासपोर्ट 'सेफ राहावा' म्हणून आधीच काढून घेतलेला, आणि मागितला की उद्या देतो, परवा देतो.

आता नुसता कमी पगार किंवा खडूस बॉस म्हणजे लगेच वेठबिगारी असंही नाही, ती तक्रार वेगळी. संघटनेने वेठबिगारी ओळखायच्या ११ खुणा दिल्यात, कधी एकच पुरते, कधी दोन-तीन एकत्र बघाव्या लागतात. २०२१ चा जगभराचा अंदाज वेठबिगारीत अडकलेल्या २ कोटी ७६ लाख लोकांचा आहे, त्यातले बहुतेक खासगी मालकांकडेच.