फोटो फिरू दे, बाईला का फिरवायचं?

मावशीच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली एक मोठं पाकीट असायचं. त्यात तिच्या जुन्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्सरेच्या, फिल्म्स. "हे हरवू नका" असं डॉक्टरांनी एकदा बजावलं होतं. मावशीने ते इतकं मनावर घेतलं, की पाकीट जपून जपून कुठे ठेवलं ते तिलाच आठवेना. पुढच्या तपासणीत डाव्या बाजूला एक पांढरट ठिपका दिसला. ताडून बघायला आधीचं काहीच समोर नाही, म्हणून डॉक्टरांनी परत बोलावलं. तीन आठवडे त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. मग एके दिवशी गादीखाली पाकीट सापडलं. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच. मावशी म्हणाली, "अगं, हा तर माझा जुनाच भाडेकरू!"

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. मी तेव्हा मॅमोग्राफी टेक्निशियन म्हणून काम करत होते. रोज बायकांना सांगायचे, "जुन्या फिल्म्स घेऊन या हं." निम्म्याजणी विसरायच्या. काहींच्या पावसात भिजून एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. एवढ्या महागाच्या तपासणीचा इतिहास आम्ही बायकांच्या कपाटांच्या भरवशावर सोडला होता.

स्तनांच्या कर्करोगाची तपासणी म्हटलं की लोक मशीनबद्दल बोलतात. मशीन आलं, फीत कापली, फोटो छापून आला, झालं. माझं मत जरा वेगळं आहे, आणि बरीच वर्षं त्या मशीनशेजारी उभी राहून ते झालंय. मशीन बाईच्या जवळ हवं. ते चित्र वाचणारे डोळे मात्र एका ठिकाणी एकत्र हवेत, दूर असले तरी चालतील. आणि मधला रस्ता दुपदरी हवा. हे शेवटचं कुणी ऐकतच नाही, म्हणून ही एवढी लांबलचक पोस्ट.

आधी डोळे एकत्र का, ते सांगते. काहीच त्रास नसलेल्या १००० बायकांची मॅमोग्राफी केली तर कर्करोग निघतो साधारण ५ ते ८ जणींमध्ये. आता समजा, एखाद्या छोट्या दवाखान्यातले रेडिओलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रं वाचणारे डॉक्टर, आठवड्याला पाच मॅमोग्राम बघतात. वर्षाचे झाले अडीचशे. म्हणजे त्यांच्या नजरेखालून वर्षाला जेमतेम एक-दोन कर्करोग जाणार, तेही इतर दोनशे अठ्ठेचाळीस चित्रांच्या गर्दीत. माणूस कितीही हुशार असो, नजर बसणार कशी? ते घाबरून प्रत्येक सावलीला परत बोलावणार, नाहीतर खरी गाठ सुटणार. म्हणूनच इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात चित्र वाचणाऱ्याने वर्षाला किमान ५००० बायकांचे मॅमोग्राम वाचावेत अशी अपेक्षा असते. अमेरिकेतला नियम बराच सैल, २४ महिन्यांत ९६०. या दोन आकड्यांमध्ये केवढी दरी आहे बघा. शिवाय युरोपातल्या बहुतेक कार्यक्रमांत प्रत्येक चित्र दोघेजण वेगवेगळं वाचतात, आणि दोघांचं जुळलं नाही तर तिसरा निवाडा करतो. गावोगावी असे तीन-तीन तज्ज्ञ कुठून आणणार? एका केंद्रात मात्र ते बसू शकतात.

फिल्मच्या काळात हे जमणं अवघड होतं. मशीन बसवलेली फिरती गाडी गावात दिवसभर उभी असायची, आम्ही फिल्म काढत राहायचो आणि संध्याकाळी परत येऊन डार्करूममध्ये त्या डेव्हलप करायचो. रसायनाचं तापमान थोडं घसरलं की फिल्म फिकी. आणि खरा घोटाळा तेव्हा कळायचा. लाल दिव्याखाली ओली फिल्म उचलून धरायची आणि दिसायचं, की अमक्या बाईचा काखेकडचा भाग आलेलाच नाही. ती बाई तोवर घरी पोचून स्वयंपाकाला लागलेली. तिला परत बोलवायचं म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा प्रवास, घरच्यांना पुन्हा समजावणं. बऱ्याचजणी यायच्याच नाहीत, आणि मी त्यांना कधी दोष दिला नाही.

डिजिटल आल्यावर चित्र काही सेकंदांत समोर दिसायला लागलं. अमेरिकेत डिजिटल मॅमोग्राफीच्या पहिल्या मशीनला परवानगी मिळाली ती २००० साली. मग अमेरिका आणि कॅनडात ४९,५२८ बायकांवर मोठा अभ्यास झाला, प्रत्येकीची फिल्मही काढली आणि डिजिटलही. निकाल २००५ मध्ये आला. एकूणात दोन्ही सारखेच; पण पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या आणि दाट ऊतींच्या बायकांमध्ये डिजिटल सरस ठरलं. हे बरोबरच आहे. दाट स्तन फिल्मवर ढगासारखा पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. पडद्यावर निदान उजेड-अंधार कमीजास्त करून ढगाच्या आत डोकावता येतं.

तरी माझ्या मते डिजिटलचा सगळ्यात मोठा उपकार हा नाही. चित्र कपाटात राहत नाही, हा तो उपकार. मावशीचा भाडेकरू सर्व्हरवर असता तर दहा सेकंदांत ओळखला गेला असता.

आता व्यवहाराचं. एका बाईची चार चित्रं काढतात, प्रत्येक बाजूची दोन: एक वरून, एक तिरकी. एकेक चित्र मशीनप्रमाणे १० ते ५० एमबी. बाईमागे १०० एमबी धरा, गाडीत दिवसाला चाळीसजणी झाल्या तर ४ जीबी. हे काही आकाश फाडणारं नाही. नेट बरं असेल तर तेव्हाच पाठवा, नसेल तर रात्री पाठवा, तेही नसेल तर हार्डडिस्क गाडीतून न्या. फक्त पाठवताना फाइल लहान करायच्या नादात बारीक दाणे पुसले जाता कामा नयेत. कॅल्शियमचे मिठाच्या कणाहून बारीक ठिपके हीच कधीकधी पहिली खूण असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पडद्याचा फोटो काढून "सर, जरा बघता का?" असं विचारणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून नको. मॅमोग्राम वाचायचे पडदे वेगळे असतात, ५ मेगापिक्सेलचे, आणि ते उगाच बनवलेले नाहीत.

आणि हो, मशीन घेतानाच विचारून ठेवा की याची चित्रं दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर नीट उघडतात का. डायकॉम हे वैद्यकीय चित्रांचं समान मानक १९९३ पासून त्या नावाने आहे, तरीसुद्धा न उघडणाऱ्या सीडी घेऊन रडकुंडीला आलेल्या बायका मी बघितल्यात. चित्र त्या बाईचं आहे. ते कंपनीच्या कुलपात का असावं?

आता दुपदरी रस्त्याचं, म्हणजे माझ्या खऱ्या दुखण्याचं.

मॅमोग्रामचा दर्जा निम्मा मशीन सुरू होण्याआधीच ठरतो, टेक्निशियनच्या हातात. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू खाली स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसायला हवा, स्तनाखालची घडी उघडी हवी, स्तनाग्र कडेला स्पष्ट हवं. खांदा ताठ धरलेल्या घाबरलेल्या बाईकडून हे मिळवायचं म्हणजे आधी तिचा श्वास सैल करावा लागतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, कुणीतरी चुका दाखवाव्या लागतात. मी एका ठिकाणी काही वर्षं काम केलं, तिथून चित्रं दूरच्या केंद्रात जायची. गेली की गेली. रिपोर्ट यायचे, तेही थेट डॉक्टरांकडे. माझी चित्रं चांगली आहेत की वाईट, हे मला एकदाही कुणी सांगितलं नाही. आणि मग एका बैठकीत कळलं की आमच्याकडच्या डाव्या तिरक्या चित्रांत सतत काखेचा भाग कापला जातोय, हे केंद्राला केव्हाचं माहीत होतं. केव्हाचं! तिथल्या डॉक्टरांनी प्रत्येक रिपोर्टमध्ये "चित्र मर्यादित" असं इमानदारीत लिहिलं होतं आणि त्यांच्या मते विषय तिथेच संपला होता. माझ्या उंचीला तो स्टँड एका बाजूने अडायचा, एवढंच कारण होतं. पायाखाली पाटासारखी फळी ठेवली आणि प्रश्न मिटला. त्या आधीच्या बायकांचं काय, हा विचार अजूनही रात्री कधीतरी जागा करतो.

केंद्रीकरणाचा हा धोका नकाशावर दिसत नाही. बाण सगळे एकाच दिशेने काढलेले असतात, गावाकडून केंद्राकडे.

बाईकडे परत जाणारा बाण तर आणखीच पुसट. १००० जणींपैकी इंग्लंडमध्ये साधारण ४० जणींना, अमेरिकेत १०० च्या आसपास जणींना पुन्हा बोलावलं जातं. त्यातल्या बहुतेकींना काहीच निघत नाही; पण हे त्यांना फोनवरच, नीट शब्दांत कुणी सांगितलं पाहिजे ना? "तुमचा रिपोर्ट आलाय, भेटून जा" एवढं म्हणून फोन ठेवला तर बाई त्या रात्री मृत्युपत्र लिहायला घेते. मग सोनोग्राफी कुठे, बायॉप्सी कुठे, कोण सोबत येणार, हे ठरवून देणारं माणूस हवं. जागतिक आरोग्य संघटनेने तीन लक्ष्यं ठेवली आहेत: किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, ६० दिवसांत निदान व्हावं, ८० टक्क्यांनी उपचार पूर्ण करावेत. यातलं फक्त पहिलं मशीनच्या जवळपासचं आहे. उरलेली दोन फोन करणाऱ्या, तारीख मिळवून देणाऱ्या माणसांची आहेत. मशीनच्या अंदाजपत्रकात त्या माणसाच्या पगाराची ओळ नसेल तर मी तरी ते अंदाजपत्रक परत पाठवीन.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण घोळ नेहमी होतो. जिच्या हाताला गाठ लागतेय, स्तनाग्रातून रक्त येतंय, कातडी आत ओढली गेलीय, तिने तपासणीच्या गाडीची वाट बघायची नाही. ही गाडी त्रास नसलेल्यांसाठी असते. तिने सरळ डॉक्टरकडे जायचं, त्याच आठवड्यात. आणि मॅमोग्राम "नॉर्मल" आलाय म्हणून नंतर लागलेली गाठ सोडून द्यायची नाही.

मशीन पोचतच नसेल तर? तेव्हा हात आहेत. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका ठरावीक काळाने हाताने तपासायच्या. २०२१ ला निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तरुण बायकांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे जिथे चित्र नाही तिथे काहीच नाही, असं समजून हातावर हात धरून बसायचं कारण नाही.

तपासणी म्हणजे नुसतं पुण्यकर्म, असंही मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या स्वतंत्र समितीने हिशेब मांडला: पन्नाशीच्या १०,००० बायकांना २० वर्षं बोलावत राहिलं तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ जणींना अशा कर्करोगासाठी उपचार मिळतात जो त्यांना आयुष्यात कधी त्रास देणारच नव्हता. हे दोन्ही आकडे बोलावण्याच्या पत्रावर हवेत. बायका मूर्ख नाहीत. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "मी जाणार. पण तुझ्या शेजारणीला जायचं नसेल तर तिला रागावू नकोस."

सगळं एका टोपलीत ठेवण्याची भीतीही खरी आहे. मे २०१८ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की संगणकाच्या गडबडीमुळे साडेचार लाख बायकांना शेवटच्या तपासणीचं बोलावणं गेलंच नाही. पुढे चौकशीत आकडा बराच खाली आला, पण यादी एकाच ठिकाणी बनते तेव्हा चूकही एकाच वेळी सगळ्यांची होते हे कळलं. मे २०२१ मध्ये आयर्लंडच्या आरोग्यसेवेवर खंडणीखोर हॅकर्सनी हल्ला केला, संगणक यंत्रणा बंद कराव्या लागल्या, एक्सरे विभाग खोळंबले. त्यामुळे दुसरी प्रत दुसऱ्या जागी, आणि केंद्र बंद पडलं तर चार दिवस काम कसं चालवायचं याची तालीम, हे आधी; चकचकीत पडदे मग.

एआयचं विचाराल तर मी वैतागलेलीही नाही आणि भारावलेलीही नाही. स्वीडनमध्ये ८०,००० बायकांवरच्या अभ्यासात, २०२३ ला आलेल्या पहिल्या निकालात, एआयच्या मदतीने वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. छानच. वाचलेला तो वेळ डॉक्टरांनी परत बोलावलेल्या बायकांशी बोलण्यात घालवला तर मी एआयला पेढे वाटीन.

हल्ली मी नवीन मुलींना शिकवते. परवा एका फिरत्या गाडीत होते. माझ्या विद्यार्थिनीने चार चित्रं काढून पाठवली, बाईंना म्हणाली, "झालं काकू, तुम्ही कपडे घाला." दहा मिनिटं झाली असतील. पडद्यावर केंद्रातून निरोप आला, तिथल्या वरिष्ठ टेक्निशियनचा: "उजवी तिरकी, खालची घडी दिसत नाही. बाई आहेत का अजून?"

विद्यार्थिनी दारात धावली. काकू पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या.