‘मोटर ट्रिप होते? मोठा एमसीबी बसवा’: या सल्ल्याचा प्रतिवाद

पंचगंगेकाठच्या ऊसकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरतो आहे. ५ एचपीची मोटर सुरू होताना ४५ अँपिअर ओढते, म्हणून एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) ३२ अँपिअरचाच हवा, वायर २.५ चौरस मिलिमीटरची असली की अंतर कितीही चालते. आणि एमसीबी आहे म्हटल्यावर ओव्हरलोड रिलेचा (मोटर जास्त प्रवाह ओढत राहिली की ती बंद करणाऱ्या उपकरणाचा) खर्च नको, असा त्याचा आशय आहे.

सुरुवातीच्या प्रवाहाचा आकडा बरोबर आहे. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर या मोटरीचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण साडेसात अँपिअर असतो आणि थेट सुरू केल्यास ती त्याच्या सहा-सात पट ओढते. परंतु त्या क्षणी एमसीबी पडेल की नाही, हे त्याच्या कर्व्हवरही, म्हणजे रेटिंगच्या किती पट प्रवाहाला तो तत्काळ पडतो यावरही, अवलंबून असते. सी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पटीच्या दरम्यान तत्काळ पडतो, डी कर्व्हचा १० ते २० पटीच्या दरम्यान. म्हणजे १६ अँपिअरचा डी कर्व्ह १६० अँपिअरपर्यंत तत्काळ पडत नाही, आणि पंप सेकंद-दोन सेकंदांत वेग घेतो, म्हणून सुरुवातीच्या ४५ अँपिअरसाठी ३२ चा एमसीबी लागत नाही. तरीही तो पडत असेल, तर मोठा एमसीबी आणण्याआधी इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र), बेअरिंग आणि केबलचे इन्शुलेशन तपासावे.

रिले नको, हा भाग मला सर्वांत घातक वाटतो. रात्रीच्या पाळीत ऑटोवर (वीज आली की आपोआप सुरू होईल अशी) सोडलेल्या मोटरीचा तीनपैकी एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह सुमारे पावणेदोन पट, म्हणजे १३ अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरदेखील तासभर धरून ठेवतो, मग ३२ च्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंगला (जळालेली गुंडाळी पुन्हा भरायला) आलेली अशी स्टार जोडणीची (तिन्ही गुंडाळ्यांचे एकेक टोक एकत्र जोडलेली) मोटर उघडली, की दोन फेजची गुंडाळी काळीठिक्कर आणि तिसरी नव्यासारखी लालसर दिसते. साडेसात अँपिअरवर लावलेला रिले काही मिनिटांतच मोटर बंद करतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत मोटरीचा ब्रेकर (एमसीबीसारखा स्विच) पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या अडीच पटीपर्यंत घेण्याची मुभा आहे, हे खरे. पण वायर किमान सव्वा पट प्रवाहाची असावी आणि ओव्हरलोड संरक्षण स्वतंत्र असावे, या अटी तिला जोडलेल्या आहेत. रिले काढून ३२ चा एमसीबी ठेवला, तर ४६ अँपिअरलाही तो पडायला तासाभरापर्यंत वेळ घेऊ शकतो आणि तोवर २.५ ची वायर भाजत राहते.

अंतराचा दावा साध्या गणितात टिकत नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो; ३०० मीटरवर चालत्या मोटरीला २५ व्होल्ट कमी मिळतात आणि सुरू होताना ही घट दुपटीहून अधिक होते. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट मिळाल्यास सात दशांश जोरच उरतो. मोटर गुरगुरत राहते, वेग घेत नाही आणि एमसीबी पडतो. तो दोष वायरचा असतो. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास चालतानाची घट १० व्होल्टवर येते, मात्र अंतर मोजताना नदीपासून विहिरीपर्यंतची सरळ रेषा न धरता बांधाबांधाने जाणारी केबलच मोजली पाहिजे.