नळीवर बायपॉड आवळू नका

माझी भाची पुण्यात एअर रायफल शिकते. परवा तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, मला एक फॉरवर्ड पाठवला. वर विचारणा: "हा बायपॉड मागवू का? ग्रुपमधले सगळे पालक मागवताहेत." बायपॉड म्हणजे रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा स्टँड. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: ऑलिम्पिकचे नेमबाज बायपॉड वापरतात, नळीवर आवळायचा बायपॉड कुठल्याही रायफलला चालतो, खाली टणक जमीन असावी, पाय जितके उंच तितकं बरं आणि महागातला बायपॉड म्हणजे खात्रीचा नेम. दाजींना फोनवर सांगितलंच, पण हे ज्या ज्या घरात पोचलंय तिथेही कुणीतरी सांगायला हवं.

ऑलिम्पिकचं आधी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा, म्हणजे आयएसएसएफचा, नियम स्पष्ट आहे. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, रायफलला आधार फक्त दोन हातांचा आणि एका खांद्याचा, गाल स्टॉकला, म्हणजे रायफल धरायच्या सांगाड्याला, लावायची मुभा. बाकी कशालाही रायफल टेकता कामा नये. स्लिंग, म्हणजे हाताला अडकवायचा पट्टा, चालतो, पण तोही उभ्या पोझिशनमध्ये नाही. स्लिंगच्या हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी 30 अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये, इतकं बारीक त्यात लिहिलंय. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने मारायच्या प्रकारात, 451.4 गुणांनी कांस्य जिंकलं. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण घेऊन जागतिक विजेतेपद मिळवलं. दोघांच्याही रायफलीखाली बायपॉड नव्हता. आणि भाची खेळते तो 10 मीटरचा प्रकार तर उभ्यानेच होतो. तिथे बायपॉडचे पाय टेकणार कुठे?

आता नळीवर आवळण्याचं. सगळ्यात जास्त राग मला याचा आला, कारण यात पोराची रायफल बिघडते. घरोघरी जी स्प्रिंगची एअर रायफल असते, तिची नळी मुळाशी वाकवून कॉक करतात, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून बसवतात. नळी बिजागरीवर फिरते. त्या नळीला खालून क्लॅम्प लावून रायफल उभी केली, की पुढचं सगळं वजन नळीवर आणि बिजागरीवर येतं. नळी किंचित वर ढकलली जाते. खांद्याचा दाब बदलला की ते ढकलणंही बदलतं, आणि छर्रा दर वेळी वेगळीकडे लागतो. कॉक करताना बायपॉडचे पाय हाताला आडवे येतात ते वेगळंच. पोरगं माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेमाचा खुंट, बघून नेम बरोबर धरतं, छर्रा भलतीकडे जातो, आणि ओरडा पोराला बसतो. मोठ्या बोअरच्या रायफलीतही चांगल्या नळ्या स्टॉकला न टेकता मोकळ्या ठेवतात, कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि ती थरथर दर वेळी सारखी हवी असते. बायपॉड लावायचाच तर स्टॉकच्या पुढच्या टोकाला. नळीला कधीच नाही.

टणक जमिनीचंही तेच. स्प्रिंग रायफलीत पिस्टन सुटतो तेव्हा रायफल आधी मागे आणि मग पुढे उसळते, आणि छर्रा तोवर नळीतच असतो. तिला फरशीवर टेकवलं की उसळी बिघडते. अशा रायफलीला सैल, मऊ हात लागतो.

एक मान्य करावं लागेल. बायपॉडची खरी जागा आहे, पण ती दुसऱ्या खेळात. एफ-क्लास या पडून लांबवर मारायच्या खेळाच्या एफटीआर प्रकारात .223 किंवा .308 कॅलिबरची रायफल बायपॉडवर ठेवून 1000 यार्डांपर्यंत मारतात. बायपॉडसकट वजनाची मर्यादा 8.25 किलो. तिथे निवड महत्त्वाची ठरते, पण निकष फॉरवर्डच्या उलट आहेत. पाय बुटके आणि फाकलेले हवेत, उंच पाय डुलतात. पडून मारायला हॅरिस कंपनीचा 6 ते 9 इंचांचा बायपॉड पुरतो. त्यातला डावी-उजवीकडे कलणारा घ्यावा, कारण जमीन उतरती असेल तर रायफल सरळ करता येते. तिरकी रायफल लांबच्या अंतरावर गोळी बाजूला नेते. अ‍ॅटलस या दुसऱ्या बायपॉडचे पाय पुढे-मागे 45 अंशांत लावता येतात, तो महाग आहे आणि मजबूतही. पण दोन्हींवर खांद्याने पुढे दिलेला दाब प्रत्येक गोळीला सारखा राहिला नाही, तर गोळ्या एका जागी न लागता पसरणारच.

दाजींना म्हटलं, ते पैसे शूटिंग जॅकेटकडे वळवा. मापाचं घ्या, आणि घेण्याआधी तिच्या कोचला अंगावर घालून दाखवा.